आईचे उपास बाबांनी घेतले

माझ्या आईचं वजन उपासांनी वाढलं. हे ऐकून लोक हसतात, पण आमच्या घरात ते खरंच घडलं, आणि ते कळायला आम्हांला बरीच वर्षं लागली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही नालवाडीत राहायचो, वर्ध्याच्या अगदी कडेला. घरामागे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची शेतं होती आणि समोरच्या रस्त्यानं सकाळी सायकली शहराकडे जायच्या, त्यांत एक सायकल बाबांची असायची. बाबा कापसाच्या बाजारात कारकून होते. आमचं मूळ घर कारंजा घाडगेजवळच्या एका खेड्यात. तिथे बाबांचे थोरले भाऊ शेती बघायचे. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. वर्षाची तूर, तीळ, जवस आणि ज्वारीचं एक पोतं तिकडून यायचं. नालवाडीच्या घरात आम्ही चौघंच होतो. आई, बाबा, कॉलेजात जाणारा माझा मोठा भाऊ आणि शाळेत जाणारी मी.

आई सोमवार धरायची तो बाबांसाठी. लग्न झालं त्याच वर्षापासूनचा. भाऊ मॅट्रिकला पहिल्यांदा नापास झाला तेव्हा तिनं गुरुवार धरला, आणि पुढच्या वेळी तो पास झाला म्हणून सोडला नाही. शनिवार माझा होता. मी लहान असताना मला विषमज्वर झाला होता, त्यातून मी वाचले म्हणून. याशिवाय चतुर्थ्या आणि एकादशा. एखाद्या आठवड्यात तर जेवणाच्या दिवसांपेक्षा उपासाचे दिवस जास्त व्हायचे.

आता उपास म्हणजे काय, तर सकाळी भरपूर साखरेचा चहा. मग साबुदाण्याची उसळ, म्हणजे खिचडी, त्यात आलू आणि शेंगदाण्याचा कूट. दुपारी भगर. तीनच्या सुमाराला तिला गळून गेल्यासारखं व्हायचं, म्हणून राजगिऱ्याचे लाडू किंवा केळं आणि पुन्हा चहा. संध्याकाळी तुपावर परतलेला आलूचा कीस. दर दोन-तीन तासांनी ती काहीतरी तोंडात टाकायची आणि दर दोन-तीन तासांनी तिला भूक लागायची. रात्री अंग टाकताना म्हणायची, "आज पोटात काही नाई." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

तिचे गुडघे आधी दुखायला लागले. मग खाली बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागायला लागला. बहुतेक वेळा माझा खांदा असायचा. "थांब वो जराशी," असं म्हणून ती माझ्या खांद्यावर तळहात टेकवायची आणि तिचं सगळं वजन माझ्यावर यायचं. मला त्याची इतकी सवय झाली होती की ती जमिनीवर बसली की मी आपोआप जवळ जाऊन उभी राहायची.

ज्या उन्हाळ्यात हे सगळं बदललं, त्या उन्हाळ्यात मोठ्या आईकडे नातवाचं बारसं होतं. भाऊ घरीच राहिला, आम्ही तिघं वर्ध्याच्या बसस्टँडवर गेलो. कारंज्याची एस.टी. लागली आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. बाबा खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायला पुढे गेले. मी आईबरोबर दारापाशी उभी होते. पायरी उंच होती. आईनं दांडा धरला, उजवा पाय वर टाकला, आणि डावा पाय जमिनीवरून उचलेचना. तिनं दोनदा प्रयत्न केला. मागून कुणीतरी म्हणालं, "चढा ना बाई लवकर." मी मागून तिला हात लावायला गेले. तेवढ्यात कंडक्टर खाली उतरला आणि भल्या मनानं म्हणाला, "मावशी, थांबा, दोघं मिळून चढवतो वर."

आईनं पाय खाली घेतला. पदर नीट केला. "मले नाई जा लागत," ती म्हणाली आणि स्टँडच्या बाकड्यावर जाऊन बसली. बाबा घाम पुसत खाली आले तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती.  ते तिच्याशेजारी बसले. बारशाचं आंगडं-टोपडं पिशवीतच राहिलं आणि आम्ही तिघं परत नालवाडीला आलो.

संध्याकाळी आई म्हणाली, "मी आता मंगळवार बी धरीन. अंग हलकं झालं पायजे."

बाबा म्हणाले, "पहिले डॉक्टरले दाखवू."

शहरातल्या एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई बसायच्या. पुण्याकडच्या होत्या, बोलायच्या अगदी स्वच्छ आणि सावकाश. त्यांनी आईला वजनाच्या काट्यावर उभं केलं, गुडघे दाबून पाहिले, रक्त-लघवी तपासायला पाठवली. अहवाल आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. त्या म्हणाल्या, "साखर अजून हद्दीत आहे, पण काठावर आहे. वजन उतरवायला हवं. दिवसभरात काय काय खाता?"

आईचा चेहरा जरा खुलला. हा प्रश्न तिला सोपा वाटला. "मी तं काही खातच नाई बाई. आठवड्यातले निम्मे दिवस माझे उपासच असते."

"उपासाला काय घेता?"

आईनं सांगितलं. सगळं सांगितलं, साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट किती लागतो तेही. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुमचे जेवणाचे दिवस ठीक आहेत. बिघडलेत ते उपासाचेच दिवस."

त्यांनी मग समजावून सांगितलं. साबुदाणा, आलू, साखर, पांढरा भात पोटात गेला की त्याची झटकन साखर होते, ती रक्तात चढते आणि तितक्याच झटकन उतरते, म्हणून पुन्हा भूक लागते. ज्वारी, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या पोटात रेंगाळतात, त्यांची साखर हळू होते, पोट भरलेलं राहतं. आज याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात आणि त्यावर जाड जाड पुस्तकं निघतात. तेव्हा तो शब्द आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "जे खाऊन लगेच भूक लागते, ते सोडा. जे खाऊन भूक विसरायला होते, ते खा. पोटभर जेवा, पण मधे काही नको. रोज चाला. आणि उपास बंद."

"बंद म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे सगळे बंद. निदान वर्षभर."

 घरी आल्यावर चप्पल काढता काढता आई म्हणाली, "उपास सोडा म्हणते. ज्याइच्यासाठी धरले थे माणसं काय हिची आहे?"

श्रावण तोंडावर आला होता. आईसारख्या बाईला श्रावणात उपास सोडायला सांगणं म्हणजे काय, हे बाबांना चांगलं माहीत होतं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आई दाराशी स्टूल घेऊन बसली, कारण जमिनीवर बसणं आता तिला जमत नव्हतं.

"सोमवार कसा सोडू?" ती म्हणाली. "थो तुमच्यासाठी हाय."

बाबांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली. "माझ्यासाठी हाय ना? मंग मीच करतो."

"नवसाचा उपास असा दुसऱ्याले देता येते काय?"

"दुसऱ्याले कुठं देऊन राह्यली? ज्याच्यासाठी हाय त्यालेच देऊन राह्यली."

 बाबा फार बोलणारे नव्हते. मग त्यांनी भावाला हाक मारून सांगितलं, "गुरुवार तुझा हाय. तू धरजो." भावाचा चेहरा उतरला, पण नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवार मी स्वतःहूनच घेतला. चतुर्थी-एकादशी देवाच्या, त्यांचं देव पाहून घेईल, असं बाबांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई देवघरापुढे उभी होती. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातच आमचे देव होते. ती हात जोडून पुटपुटत होती, आणि मी आले हे तिला कळलं नव्हतं. "सोमवार आता हे करतीन. त्याइले सवय नाई. काही चुकलं तं त्याइले म्हणू नको, मले म्हण."

नालवाडीला आल्यापासून आमच्याकडे भाकर मागे पडली होती. रोज पोळ्या आणि भात. आजूबाजूला नोकरदारांची घरं, सगळ्यांकडे पोळ्याच असत. ज्वारीचं पोतं यायचं, त्यातली थोडी कधीतरी दळायची, बाकीची कामाला येणाऱ्या बाईला द्यायची. आता मी दर आठवड्याला ज्वारीचं दळण घेऊन चक्कीवर जायला लागले. पहिल्या दिवशी आईनं परातीत पीठ घेतलं, गरम पाणी घातलं आणि मळायला लागली. भाकर थापताना तिचे हात असे फिरत होते की जणू कालच केली असावी. तव्यावर ती टम्म फुगली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या मायनं शिकवली हाय, विसरीन कशी?"

पहिल्या सोमवारी आई आणि बाबा समोरासमोर जेवायला बसले. बाबांच्या ताटलीत साबुदाण्याची उसळ, आईच्या ताटात भाकर, घट्ट वरण, अंबाडीची भाजी आणि मुळा. आईनं घास मोडला, वरणात बुडवला आणि तसाच हातात धरून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सोमवारी दुपारी अन्न खाण्याची ती तिची कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ होती.

बाबा आपले खात होते. दोन-चार चमचे झाल्यावर म्हणाले, "भारी लागते वो हे. म्हणूनच सोडत नोवती काय?"

आईला हसू फुटलं. रडत होती तीच हसली, आणि घास तोंडात गेला.

त्या दिवशी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ती अंगणात मला म्हणाली, "आज मले दुपारी भूकच नाई लागली." तिच्या आवाजात आनंद नव्हता, आश्चर्य होतं. तीन वाजताची ती गळून जाण्याची वेळ आली आणि निघून गेली, आणि तिला लाडवाची आठवणसुद्धा झाली नाही.

पण सगळं इतकं सोपं गेलं नाही. भातावाचून ती राहिली, आलूवाचूनही राहिली, पण बिनसाखरेचा चहा तिला पिता येईना. एक घोट घ्यायची आणि कप बाजूला सारायची. शेवटी तिनं चहाच सोडला आणि त्या वेळेला जिरं घातलेलं ताक प्यायला लागली. त्या पंधरवड्यात तिचं डोकं दुखायचं आणि ती कुणावरही चिडायची. मोटाची म्हणजे मटकीची उसळ, चण्याची भाजी, पातळ झुणका, जवसाची चटणी, शेतातून आणलेली चिवळीची पालेभाजी. रोज काहीतरी वेगळं करायची, आणि वर म्हणायची, "गरिबाचं जेवण हाय हे. पाव्हणा आला तं काय म्हणीन?" पाहुणा आला की मात्र तोच दुसरी भाकर मागून घ्यायचा.

संध्याकाळी ती आणि बाबा चालायला जायचे. सुरुवातीला आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत, मग शेताच्या बांधापर्यंत, मग त्याच्याही पुढे. नवरा-बायकोनं असं काही कामाशिवाय बरोबर फिरायला जाणं तेव्हा नालवाडीत नवीन होतं. आईला लाज वाटायची म्हणून ती हातात पिशवी घेऊन जायची, बाजाराला निघाल्यासारखी. पिशवी रिकामीच परत यायची.

भावाचा गुरुवार फार टिकला नाही. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला स्टेशनरोडला आलूबोंडे खाताना पाहिलं, आणि तेही गुरुवारी. बाबा त्याला रागावले नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाले, "गुरुवार इकडे दे." तेव्हापासून बाबांचे दोन उपास झाले.

भाद्रपदात मला ताप आला. थंडी वाजून यायची, दात वाजायचे, दोन-दोन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जायची नाही. डॉक्टरांनी हिवताप सांगितला आणि कडू गोळ्या दिल्या. शुक्रवारी संध्याकाळी मी आतल्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. आई साबुदाणा भिजत घालत होती.

बाबांनाही ते ऐकू गेलं. ते आत आले. "काय करून राह्यली?"

"उद्या शनिवार हाय."

"मंग?"

"मी शनिवार सोडला आन् पोरगी पडली. याच्याहून आणखी काय सांगाव देवानं?"

"शनिवार तूनं कुठं सोडला? पोरीनं धरला होता."

"ज्याच्यासाठी हाय त्यानं धरून पुरते काय? तिले ताप आला ना."

 मला वाटलं बाबा निघून गेले. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "तिले डास चावले. समोरच्या घरातल्या तिघाइले ताप हाय, त्याइच्या मायनं कोणते उपास सोडले होते? अन् तू पुन्हा तेच खाऊन पडली, तं या पोरीचं कोण पाह्यीन? शनिवार बी मी करतो."

"तुमचे तीन होतीन."

"होऊ दे. मले साबुदाना आवडून राह्यला आता."

आई रडली असावी, कारण बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता. सकाळी तिनं भिजलेल्या साबुदाण्याची उसळ केली आणि ती बाबांना वाढली. स्वतःसाठी भाकर टाकली. माझ्यासाठी ज्वारीच्या मऊ कण्या शिजवल्या आणि ताक घालून मला भरवल्या. गोळ्यांनी माझा ताप उतरला. पण मला वाटतं, तो उतरेपर्यंत आईनं रोज देवापुढे उभं राहून काहीतरी बोलणी केली असणार.

दिवाळीनंतर तिच्या चोळ्या सैल व्हायला लागल्या. शिवणारीकडे नेऊन आत घ्याव्या लागल्या. एकदा मी शाळेतून आले तर ती अंगणात जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दप्तर ठेवून सवयीनं तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात जमिनीला टेकला आणि उठली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन उभी हाय?" 

वैशाखात मोठेबाबांच्या मुलीचं लग्न निघालं. या वेळी आई एस.टी.त दांडा धरून स्वतः चढली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती जणू रोजच चढत असावी तशी बाहेर बघत होती.

गावात मात्र वेगळंच झालं. तेव्हा आमच्याकडे बाई वाळली म्हणजे एक तर आजारी आहे, नाही तर घरात काहीतरी बिनसलं आहे, असंच धरत. अंगानं भरलेली बाई सुखातली. मोठ्या आईनं दारातच तिला पोटाशी धरलं आणि रडायलाच लागली. "काय झालं वो तुले? भल्ली वाळली. टीबी तं नाई झाला?" आई हसून सांगत होती की मी बरी आहे, उलट गुडघे दुखायचे थांबले. पण ऐकतंय कोण. मोठ्या आईनं बाबांना कोपऱ्यात गाठून विचारलं, "भाऊजी, काही लपवून राह्यले काय आमच्यापासून?"

दुसऱ्या दिवशी, लग्न लागल्यावर, बायकांची पंगत बसली. पत्रावळीवर भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. आईनं थोडं वरण-भात, बरीचशी भाजी आणि कोशिंबीर घेतली. बुंदीवाला आला तेव्हा तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. तो आग्रह करायला लागला. त्याच्या मागून आणखी दोघी आल्या. पंगतीत आग्रह मोडणं म्हणजे अपमानच. तेवढ्यात समोर बसलेल्या बाबांच्या आत्या, ज्यांना सगळं गाव टरकून असायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"हिनं उपास सोडले म्हणते. नवऱ्याचा सोमवार सोडला. मंग वाळणार नाई तं काय होईन?"

 आईनं मान खाली घातली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

बाबा त्याच पंगतीत वरण वाढत होते. हातात पितळी बादली, कमरेला पंचा. ते आमच्या रांगेपासून दोन-तीन पत्रावळी दूर होते. त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्या वडलांना चारचौघांत बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सोडले नाई आत्या," ते म्हणाले. "म्या घेतले. सोमवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही माझ्याकडे हाय. आज शनिवारच हाय. मी सकाळपासून जेवलो नाई, वाढूनच राह्यलो."

आत्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांची नजर पंच्यावर येऊन थांबली, जिथे माझ्या काडीसारख्या वडलांना वर्षभरात चांगलं गोल पोट सुटलं होतं.

"मंग हे काय हाय?" आत्यांनी विचारलं.

बाबांनी पोटाकडे पाहिलं. "उपासाचं हाय," ते म्हणाले.

पहिली हसली ती आईच. मग मोठी आई, मग अख्खी पंगत. आत्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. बुंदीवाला पुढे निघून गेला. थोड्या वेळानं आत्यांनीच हाक मारून सांगितलं, "चुलीवर भाकर असन तं तिले आणून द्या रे." शेतातल्या गड्यांसाठी केलेल्या भाकरीतली एक आली. आईनं ती पंगतीत, सगळ्यांच्या देखत, आलू-वांग्यातली वांगी निवडून त्यांच्याबरोबर खाल्ली.

आम्ही परत आल्यावर आईनं एक काम केलं. ती बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाबा येत नव्हते, मला काही झालं नाही म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आलटून पालटून काट्यावर उभं केलं. सगळी हकीगत ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग बाबांना म्हणाल्या, "उपास ठेवा हवे तर. पण साबुदाणा बाईंच्या ताब्यात द्या."

त्या दिवसापासून बाबांच्या उपासाला दही, काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि राजगिऱ्याची एक भाकर मिळायला लागली. बाबा पहिले काही आठवडे रुसले होते. "याले काय उपास म्हणते?" असं पुटपुटायचे. आषाढी एकादशीला मात्र आई त्यांना साबुदाण्याची उसळ करून द्यायची, पोटभर, आणि ते खाताना ती समोर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. स्वतः चाखायची नाही. शेजारच्या बायका तिला विचारायच्या की काय औषध घेतलं. ती म्हणायची, "वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या की भर्रकन जळते आन् राख. बाभळीचं लाकूड लावलं की रात्रभर निखारा राह्यते. पोटात लाकूड लावा." डॉक्टरीणबाईंनी हे असं सांगितलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं.

ती काही बारीक बाई झाली नाही. भावाच्या लग्नात मिठायांनी तिचं वजन पुन्हा थोडं चढलं, आणि पुढच्या पावसाळ्यात भाकरीनं उतरलं. पोळ्याच्या सणाला ती पुरणपोळी खायची, एक, आणि तिचा पुरेपूर आनंद घ्यायची.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात, माझं लग्न ठरलेलं असताना, आम्ही सगळे कापूस वेचायला गावी गेलो. मोठेबाबांचं शेत पांढरं फुललं होतं आणि मजूर मिळत नव्हते. आधीची कितीतरी वर्षं आई अशा वेळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहायची आणि बायका वेचताना बघायची. लग्नाआधी ती वेचणीत सगळ्यांच्या पुढे असायची म्हणे. या वेळी तिनं वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि मोठ्या आईच्या शेजारची पात, म्हणजे झाडांची ओळ, धरली. दोघी जावा बोलत बोलत वेचत होत्या. आईचे हात बोंडांवरून जसे फिरत होते ते पाहायला मी माझी पात सोडून उभी राहिले.

ऊन वर आलं. बाबा बाभळीखाली सावलीत बसले होते, कारण त्या दिवशी त्यांचा गुरुवार होता. त्यांनी हाक मारली, "ये ना वो, बस जराशी. दमली असशीन."

आईनं मान वर केली नाही. ओटी भरून फुगली होती, ती एका हातानं सावरत म्हणाली, "तुमी बसा. माझी पात पुरी व्हायची हाय."